कॅनडाची रानमांजरं आणि कासारवाडीचा टँकर

दिवाळी संपून कॉलेजं उघडली की कासारवाडीपासून आकुर्डीपर्यंतच्या पट्ट्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं डेटा शोधत हिंडायला लागतात. पूर्वी याच सुमाराला ती लेथवर फुकटात टर्निंग करून देणारा माणूस शोधत असत. आमच्या वेळी मॉडेल म्हणजे पत्र्याचं, वेल्डिंग केलेलं, परीक्षकाच्या टेबलावर आदळता येईल असं काहीतरी असे. आताचं मॉडेल दिसत नाही, त्याला फक्त भूक असते, आणि ते आकडे खातं. तेही कसेही चालत नाहीत, ओळीनं लागतात. परवा इतके, काल इतके, आज इतके, तर उद्या किती? याला टाइम सिरीज म्हणतात. ‘उद्या किती’ हे सांगता आलं की बी.ई.; सांगता आलं नाही, पण का आलं नाही हे इंग्रजीतून सांगता आलं, की पीएच.डी.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या पदरात यंदा असंच एक भुकेलं मॉडेल पडलं. ग्रुप चौघांचा. एक जण पीपीटी करणार, एक जण रिपोर्टचं बाइंडिंग बघणार, एक जण कोऑर्डिनेशन करणार आणि उरलेलं किरकोळ काम, म्हणजे प्रोजेक्ट, ही करणार. आईनं तिला खाली पाठवलं. ‘काका मेंटेनन्सला होते, त्यांच्याकडे असेल.’ मेंटेनन्समधून निवृत्त झालेल्या माणसाकडे सगळं असतं, असा आमच्या इमारतीत समज आहे. वॉशर, ग्रीस, अकरा नंबरचा पाना. मग डेटा का नसावा?

‘अगं, नेटवर नाही का मिळत?’ मी विचारलं.

‘मिळतो की, काका. पण सगळ्यांनी तोच घेतलाय.’

तिनं लॅपटॉप उघडून दाखवलं. पहिला डेटा विमानप्रवाशांचा. १९४९ ते १९६०, महिन्याला एक याप्रमाणे १४४ आकडे. बॉक्स आणि जेंकिन्स या दोघांनी ते आपल्या पुस्तकात घेतले आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक नवशिका १९६१ साली किती लोक विमानात बसले असतील याचा अंदाज बांधतोय. ते लोक बसले, उतरले, सामान घेऊन घरी गेले, नातवंडांची लग्नं लावून मोकळे झाले. अंदाज अजून चालूच आहे.

दुसरा डेटा कॅनडातल्या रानमांजरांचा. लिंक्स म्हणतात त्यांना, कानाला झुपके असतात. मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात १८२१ ते १९३४ या काळात दर वर्षी किती लिंक्स सापळ्यात सापडली याचे ११४ आकडे. साधारण दर दहा वर्षांनी ती भराभर वाढतात आणि मग धाडकन कोसळतात. तिसरा डेटा नाईल नदीचा, आस्वानजवळचा, १८७१ ते १९७०. म्हणजे मोशीच्या पोरानं इंद्रायणीकडे पाठ करून नाईलच्या पुराचा हिशेब मांडायचा.

पण माझा जीव जडला तो पॅरिसपासून ७ किलोमीटरवर असलेल्या सो नावाच्या गावातल्या एका घरावर. डिसेंबर २००६ ते नोव्हेंबर २०१०, असे ४७ महिने, त्या घरानं किती वीज खाल्ली हे मिनिटामिनिटाला टिपून ठेवलंय. एकूण २०,७५,२५९ नोंदी. स्वयंपाकघराचा मीटर वेगळा: डिशवॉशर, ओव्हन आणि मायक्रोवेव्ह. कपडे धुण्याच्या खोलीचा वेगळा: वॉशिंग मशिन, ड्रायर, एक दिवा आणि फ्रीज. गिझर आणि एसीचा तिसरा. शेगडी मात्र गॅसवर चालते, हेसुद्धा कुणीतरी प्रामाणिकपणे खाली लिहून ठेवलंय. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नक्की किती माणसं राहतात याचा मला पत्ता नाही. पण सोच्या या मंडळींचे कपडे कधी वाळतात हे मला मिनिटावर माहीत आहे. ऑगस्टमध्ये आलेख खाली बसतो. सुट्टीला जात असणार. आमची ही इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. तिनं एकच विचारलं, ‘फ्रीज कपड्यांच्या खोलीत? मग घरात सासू नसेल.’ पावणेएकवीस लाखांवर नोंदींतून जे निष्कर्ष जगानं काढले असतील, त्यांत हा आलेला नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

अलीकडच्या शोधनिबंधांत म्हणे चीनमधल्या दोन तालुक्यांतल्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान चालतं, २०१६ ते २०१८ सालचं. कुठलंही नवं मॉडेल निघालं की आधी त्याला हा ताप मोजायला बसवतात. आमच्या गल्लीतल्या डीपीच्या नशिबी हे कौतुक नाही. तो पहिल्या वळवाला आवाज करून उडतो, आणि त्याचं भाकीत करायला मॉडेल लागत नाही. आम्ही ढग दिसले की मेणबत्त्या काढून ठेवतो.

‘मला इथलं काहीतरी हवंय, काका. बेअरिंगचं वगैरे.’

बेअरिंग म्हटल्यावर मी चष्मा लावला.

बेअरिंगचा जगातला सगळ्यात गाजलेला डेटा अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा आहे. दोन हॉर्सपॉवरची एक मोटर. रिलायन्सची, पण ते रिलायन्स वेगळे. तिच्या बेअरिंगांना मुद्दाम बारीक खड्डे पाडले; एकाला सात थाउ, एकाला चौदा, एकाला एकवीस. मग मोटर फिरवली आणि थरथर टिपली, सेकंदाला १२ हजार आकडे, काही वेळा ४८ हजार. तिनं वर्णनाचं पान उघडलं आणि बेअरिंगच्या नंबरावर बोट ठेवलं. एसकेएफ ६२०५.

आता ६२०५ म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागतं तो पिंपरी-चिंचवडचा नव्हे. आतलं बोअर २५, बाहेरून ५२, जाडी १५. भोसरीत स्पेअरच्या दुकानात काउंटरवर नुसतं ‘बासष्ट पाच’ म्हटलं की मालक मागे न बघता डबी काढतो. एसकेएफचा कारखाना साठच्या दशकापासून आमच्या चिंचवडात. म्हणजे बेअरिंग आमच्या दारात बनणार आणि त्याच्या दुखण्याची माहिती मात्र क्लीव्हलंडहून मागवायची. बरं, ते खड्डे पाडले कशानं? ईडीएमनं, म्हणजे आमच्या भाषेत स्पार्कवर. भोसरीत हे काम दुपारच्या चहाच्या आत करून मिळेल, वर ‘पाडायला कशाला पाहिजेत, आमच्याकडे पडलेलेच आहेत’ हा सल्ला फुकट.

नासाचाही असाच एक डेटा आहे, विमानाच्या इंजिनांचा, २००८ सालचा. पहिल्या संचात शंभर इंजिनं, प्रत्येकाला २१ सेन्सर, आणि प्रत्येक इंजिन बंद पडेपर्यंत चालवलेलं. अर्थात खरी इंजिनं कोण मोडेल. ती संगणकातच चालवली आणि संगणकातच मोडली. मशिन बंद पडेपर्यंत चालवण्याची पद्धत भोसरीत नासाच्या कितीतरी आधीपासून आहे. फक्त तिथं संगणक मध्ये घेत नाहीत.

बेअरिंगवरून सांगायचं तर आमच्या शॉपमध्ये एक फोरमन होते. ते मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. प्रोडक्शनचा माणूस शेजारी चुळबुळत उभा. शेवटी डोळे न उघडता म्हणायचे, ‘बाहेरची रेस. रविवारपर्यंत काढेल.’ रविवारी बेअरिंग उतरवलं की बाहेरचीच रेस गेलेली असे. सेकंदाला किती हजार आकडे त्यांच्या कवटीतून जात असतील देव जाणे. पण ते कुठे साठवायची सोय नव्हती. ते रिटायर झाले तेव्हा कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ते सगळा डेटा घेऊन साताऱ्याला गेले.

मुलीला हे ऐकून आनंद झाला, पण स्क्रू ड्रायव्हरची सीएसव्ही फाइल निघत नाही. तेव्हा आम्ही कंपन्यांकडे वळलो. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत माझा जुना सहकारी आता बऱ्यापैकी साहेब झालाय. गेटवर सिक्युरिटीनं दोघांच्या फोनच्या कॅमेऱ्यांवर गोल स्टिकर लावले, लॅपटॉपचा नंबर लिहून घेतला, बॅगेतली पाण्याची बाटली उघडून बघितली. साहेबानं चहा पाजला आणि सांगितलं, ‘डेटा कॉन्फिडेन्शियल आहे. हेड ऑफिसची परवानगी लागेल, आणि हेड ऑफिस परदेशात आहे.’ बाहेर येऊन टपरीवर उभे राहिलो. पाच मिनिटांत आम्हाला कळलं की लाइन दोन सकाळपासून उभी आहे, पेंट शॉपमधला एक रोबो रुसलाय, सप्लायरचा माल खेड घाटात अडकलाय, आणि पुढच्या महिन्यात तिसरी पाळी बंद होणार असल्यामुळे कॉन्ट्रॅक्टची पोरं गावाकडे निघालीत. स्टिकर अजून फोनवरच होता.

मग भोसरीतला एक वर्कशॉपवाला मित्र आठवला. त्यानं काही विचारलंच नाही. ‘घेऊन जा ताई, पोतंभर आहे. रद्दीवाल्याला बोलावलंच होतं.’

पोत्यात कॉम्प्रेसरची लॉगशीटं निघाली. डावीकडे तास, मग प्रेशर, ऑइल टेम्परेचर, ॲम्पिअर आणि शेवटी सही. मुलगी हरखली. मी पहिलं पान हातात घेतलं. सकाळी सात वाजता प्रेशर सात किलो. आठ वाजता खाली दोन छोट्या रेघा, म्हणजे डिट्टो. नऊ वाजता डिट्टो. दुपारी तीनपर्यंत डिट्टोंची माळ. पुढचं पान सात किलो, डिट्टो. शाई कुठे निळी, कुठे काळी. पण ती बदलते तास किंवा पाळी बदलल्यावर नव्हे, सोमवारी. म्हणजे अख्खा आठवडा एका बैठकीत लिहिलेला. पुढे पाहिलं तर गुरुवारीही सात किलो. पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक भागाला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. शटर खाली, कुलूप लावलेलं, आत कॉम्प्रेसर सात किलोवर. आणखी पुढे एप्रिल २०२० निघाला. सगळा देश घरात कोंडलेला, नाशिक फाट्याच्या दुमजली उड्डाणपुलावर कुत्री झोपलेली, आणि कॉम्प्रेसर? सात किलो, डिट्टो.

तिनं ते मॉडेलला खाऊ घातलं. अचूकता शंभर टक्के.

‘काका, इतका भारी रिझल्ट आमच्या वर्गात कुणाचाच नाही,’ असं म्हणून ती इतकी हसली की वरून तिच्या आईनं डोकावून पाहिलं.

तो शीट भरणारा गडी लबाड होता असं मी म्हणणार नाही. मी असले खूप पाहिलेत, हाडाचे कामसू. पण त्याला पक्कं ठाऊक होतं की हे पान कुणी वाचत नाही. ऑडिटरही वाचत नसे. तो रकाना रिकामा नाही ना, एवढंच बघे. याउलट ती कॅनडाची मांजरं घ्या. ते ११४ आकडे काही शास्त्रासाठी मोजलेले नव्हेत. ते हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या हिशेबातून निघाले. एका बाजूला कातडं विकणारा शिकारी, दुसऱ्या बाजूला विकत घेणारा कारकून, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. त्यामुळे ती वही शंभराहून जास्त वर्षं शुद्धीवर राहिली. माझं मत असं झालंय की आकडा खरा हवा असेल तर सेन्सर नंतर बघा. आधी एकमेकांवर संशय घेणारी दोन माणसं शोधा. अट एवढीच की वही एक असावी आणि सह्या दोन. नाहीतर आमच्या कंपनीसारखं होतं. मशिन किती वेळ बंद होतं याची प्रोडक्शनची वही वेगळी, मेंटेनन्सची वेगळी. एकाच ब्रेकडाउनचे त्यांच्याकडे चार तास आणि आमच्याकडे चाळीस मिनिटं. उरलेला वेळ ‘ऑपरेटर जागेवर नव्हता’ या रकान्यात सुखानं नांदत असे.

संशयाच्या या कसोटीवर चाकणचा कांदा उतरतो. चाकणला मर्सिडीज बनते याचं लोकांना अप्रूप, पण तिथल्या बाजाराची कांद्याची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव रोजच्या रोज सरकारी संकेतस्थळावर चढतात, आणि त्या प्रत्येक आकड्यामागे काट्याकडे टक लावून बघणारे शेतकरी, अडत्या, व्यापारी आणि हमाल असे चौघे उभे असतात. डेटा नंबर एक. पण आधीच्या बॅचनी तो कोळून प्यायलाय, आणि शिवाय त्यात दिल्लीचा रकाना नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं निर्यातबंदी केली आणि भाव एका रात्रीत बसले. मॉडेल बिचारं आवक बघत राहिलं.

पाऊस घ्यावा म्हटलं, तर त्यातही आपला हात कुणी धरू नये. पाषाणच्या आयआयटीएमकडे ३०६ पर्जन्यमापकांवरची, १८७१ पासूनची भारतीय पावसाची मालिका आहे. नाईलवाल्यांचं आणि आपलं सुरुवातीचं वर्ष एकच, फक्त ते १९७० ला थांबले. आणि मुळात हे ‘कालवरून आज’ काढायचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांतला एक माणूस आपल्याच हवामान खात्याचा प्रमुख होता. गिल्बर्ट वॉकर, १९०४ ते १९२४. केंब्रिजचा गणिती. तिथं नदीकाठी बूमरँग फेकत बसायचा म्हणून लोक त्याला बूमरँग वॉकरच म्हणत. त्याला इथं आणून सांगितलं, मान्सूनचा अंदाज दे. त्यानं पावसाशी कशाचा मेळ लागतो ते बघायला जगभरचे हवेचे दाब, तापमानं आणि पाऊस गोळा केला आणि कारकुनांच्या फौजेकडून हातानं गुणाकार करून घेतले. मान्सून काही त्याच्या मुठीत आला नाही, पण पॅसिफिक आणि हिंदी महासागराच्या हवेचा झोका त्याला सापडला. पुढे १९२७ साली यूलनं सूर्यावरच्या डागांसाठी एक रीत काढली आणि १९३१ साली वॉकरनं ती ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या हवेच्या दाबाला लावून पुढे नेली. तीच यूल-वॉकर समीकरणं. मुलीच्या पुस्तकात ती बाराव्या पानावर होती. वॉकरचं ऑफिस तेव्हा शिमल्याला. तो गेल्यावर १९२८ साली ते पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या ज्या चौकात बसचा कंडक्टर ‘सिमला ऑफिस उतरा’ म्हणून ओरडतो, तो चौक हा. कासारवाडीहून जाणारी निम्मी पोरं तिथं उतरून क्लासला जातात आणि तिथं त्यांना यूल-वॉकर हे अमेरिकेतलं काहीतरी आहे असं शिकवतात.

पावसावरही फुली पडली, कारण गाईडसरांना ‘इंडस्ट्रियल किंवा अर्बन’ विषय हवा होता. त्यांनी तिला विक्रीच्या अंदाजाचा एक प्रसिद्ध डेटा सुचवला, वॉलमार्टचा. अमेरिकेतल्या तीन राज्यांतली दहा दुकानं, २०११ ते २०१६. त्यात सणावारांचा खास रकाना आहे. एनबीएच्या फायनल सुरू झाल्या तो दिवस आहे, संपल्या तो दिवस आहे, सुपरबोल आहे, हॅलोविन आहे, ईदही आहे. दसरा नाही. आता आमच्याकडे दसऱ्याशिवाय उद्योगाचा आलेख काढायचा म्हणजे विनोदच. खंडेनवमीला इथली यच्चयावत यंत्रं बंद असतात, अंघोळ घातलेली, पाटीवर हळदकुंकू. गेल्या वर्षी मित्राच्या वर्कशॉपमध्ये स्पिंडलवरच्या थरथर मोजणाऱ्या सेन्सरलाही झेंडूचं फूल वाहिलेलं पाहिलं. कुंकू थेट वायरच्या खोबणीत. दुसऱ्या दिवशी त्यानं जे रीडिंग दिलं ते देवाधर्माचं होतं की बिघाडाचं, यावर त्या सेन्सर कंपनीचा इंजिनिअर दुपारपर्यंत बसला होता.

आणि अखेर जे हवं होतं ते आमच्या जिन्याखाली सापडलं.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. तात्पुरतं म्हणून. तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य आपल्याकडे चांगलं असतं. तेव्हापासून सोसायटीला टँकर लागतो, आणि पहिल्याच महिन्यात सेक्रेटरी आणि टँकरवाला यांच्यात जुंपली. तो म्हणे बावीस आले, हे म्हणत एकोणीस. त्या दिवशी वॉचमनच्या केबिनमध्ये एक लांब रजिस्टर टांगलं गेलं. तारीख, वेळ, गाडी नंबर, लिटर, टाकीत आधी किती फूट पाणी होतं, नंतर किती, ड्रायव्हरची सही आणि वॉचमनची सही. सेक्रेटरींनी बांबूला फुटाच्या खुणा करून तो टाकीत सोडून ठेवला. टँकर दहा हजारचा म्हणून यायचा, पण पाणी किती चढलं हे बांबू सांगायचा. रजिस्टरात शेरे आहेत: ‘पाइप गळका’, ‘अर्ध्यात पाणी बंद केले, भांडण’, ‘ड्रायव्हर सही करत नाही म्हणाला, मग केली’. एका पानावर दोघांनी एकमेकांच्या आकड्यावर काट मारून तिसरा लिहिलाय आणि तो बरोबर असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मुलीनं रजिस्टर टाइप करून काढलं. एप्रिल २०२० मध्ये, या पट्ट्यातले सगळे आलेख जेव्हा विहिरीत पडले, तेव्हा आमचा आलेख वर गेला होता. माणसं घरी आणि हात धुताहेत. मग मॉडेलनं सांगितलं की यात चौदा दिवसांची लाट आहे. गाईडसर चमकले. आठवड्याची लाट त्यांना मान्य होती, पण चौदा? ‘पंधरवड्याचा काही संबंध आहे का? एकादशीला लोक जास्त पाणी वापरतात का?’ असं त्यांनी विचारलं, आणि आठवड्याचा डोंगरसुद्धा रविवारी हवा, तो गुरुवारी का आलाय, तारखा सरकल्यात का, ते बघायला सांगितलं. सरांना हिंजवडीची सवय. तिथं शनिवार-रविवार सुट्टी. कासारवाडीत निम्मी इमारत गुरुवारी घरी असते. आठवड्याचे कपडे गुरुवारी, गाड्या धुणं गुरुवारी, मटण गुरुवारी चालत नाही म्हणून बुधवारी, त्याची भांडीही गुरुवारी. आणि पाणी दिवसाआड असल्यामुळे गुरुवार एका आठवड्यात पाण्याचा येतो, दुसऱ्या आठवड्यात कोरडा. कोरड्या गुरुवारी टँकरांची रांग. सात दुणे चौदा. हे सांगायला कुठलंही मॉडेल लागलं नसतं, आमच्या खालच्या वहिनींनी सांगितलं असतं. पण वहिनींचा आलेख रिपोर्टात लावता येत नाही.

आणखी एक गंमत. दर वर्षी एका दिवशी टँकर अचानक वाढतात आणि ती तारीख जागेवर राहत नाही. २०२३ साली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होती, २०२४ साली जून संपता संपता. मॉडेलनं ते आकडे ‘चुकीचे’ म्हणून स्वतःहून पुसून सरळ केले. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते तेव्हा कासारवाडीवरून जाते, आणि आमची सोसायटी त्या दिवशी गेटवर वारकऱ्यांसाठी पाणी आणि चहा ठेवते. तिथी पंचांगाप्रमाणे चालते, आणि मॉडेलला पंचांग नव्हतं. २०२० आणि २०२१ साली तो सुळका नाही. त्या दोन्ही वर्षी पादुका एसटीनं गेल्या. मुलीनं पुसलेले आकडे परत बसवले आणि शेजारी तिथींचा एक रकाना जोडला. वॉलमार्टच्या डेटात एनबीए आहे, हिच्या डेटात ज्येष्ठ वद्य.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ‘डेटा कुठून घेतला? कॅगल?’

‘नाही सर. वॉचमनच्या केबिनमधून.’

ते खुर्चीत सावरून बसले, त्यांनी रजिस्टरचे फोटो मागून घेतले आणि ‘सही करत नाही म्हणाला, मग केली’ या ओळीवर बराच वेळ थांबले. मार्क चांगले मिळाले. पीपीटीवाल्यालाही तेवढेच मिळाले.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये ठराव मांडला की सोसायटीचा डेटा यापुढे लेखी अर्जाशिवाय कुणाला देऊ नये, कॉन्फिडेन्शियल आहे. वॉचमनकाकांना तर नवीन रजिस्टर मिळालं, जाड पुठ्ठ्याचं, आणि निळं जेलपेन. आपलं अक्षर आता कॉम्प्युटरमध्ये जातं हे त्यांनी टँकरच्या ड्रायव्हरलाही सांगितलं, आणि बरीच वर्षं भांडणारे ते दोघं त्या दिवशी एकमेकांना तंबाखू देताना दिसले.

परवा पुढच्या बॅचचा एक मुलगा अर्ज घेऊन आला म्हणून मी रजिस्टर मागवून घेतलं. पानं आरशासारखी स्वच्छ. कुठे काट नाही, शेरा नाही, भांडण नाही. एक तारखेला सकाळी ९ वाजता, दहा हजार लिटर, आधी दोन फूट, नंतर सहा. दोन तारखेला खाली दोन छोट्या रेघा. तीन तारखेलाही. मी केबिनकडे बघितलं. बांबू दाराला अडणा म्हणून लावला होता.

‘आता सगळं व्यवस्थित लिहितोय, साहेब,’ वॉचमनकाका म्हणाले. ‘आधीचं लई गिचमिड होतं.’